झोपलेल्या हातावरचं घड्याळ

लेकीने हौसेने आणलेलं घड्याळ आमच्या ह्यांना आवडलं नाही, हे खोका उघडल्या उघडल्या मला कळलं. तोंडाने "छान आहे, छान आहे" चाललं होतं, पण भुवया कुठे लपतात? ह्यांनी घड्याळ उलटंसुलटं केलं, कानाशी धरलं, मग काचेभोवतीचं कडं अंगठ्याने फिरवायला गेले. ते फिरेना.

"जाम झालंय," हे म्हणाले.

"जाम नाही हो बाबा, ते फिरतच नाही," लेक म्हणाली. "हे खेळाडू घालतात तसलं घड्याळ आहे, रोज वापरायचं. पण घराणं पाणबुड्यांचंच. तबकडी बघा, काटे बघा, अंधारात चमकणारे ठिपके बघा, सगळं तुमच्या जुन्यासारखं. लोकांना परवडावं म्हणून फिरणारं कडं तेवढं काढून टाकलंय."

"म्हणजे आजोबा पैलवान आणि नातू नुसता लंगोट लावून मिरवतो, तसं."

लेक हिरमुसली. मी ह्यांना चिमटा काढला, आणि चांगला जोरात काढला. नवऱ्याला समज द्यायची माझी ती एकच पद्धत आहे. "घाला मुकाट्याने," म्हटलं. हे घालून बसले.

ह्यांचा सगळा जन्म बंदरात, पाण्याखाली गेला. जहाजाच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेला दोर कापायचा, धक्क्याच्या खांबांना तडे गेलेत का ते चाचपून बघायचं. लोकांना वाटतं खाली रंगीत मासे असतात. कसले मासे आणि कसलं काय! बंदराचं पाणी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, त्यात हातभर पुढचं दिसत नाही. हे डाव्या हाताने धरून राहायचे आणि उजव्याने काम करायचे. म्हणून घड्याळ कायम डाव्या हातात. जुनं घड्याळ कंपनीचं होतं, निवृत्तीच्या दिवशी परत द्यावं लागलं. ते चांगलं जाडजूड, सदऱ्याच्या बाहीत न मावणारं. त्याचं कडं एकाच दिशेने फिरायचं. उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, की खाली किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. आणि चुकून कुठे घासून कडं सरकलंच, तर ते वेळ जास्त झाल्याचं दाखवणार, कमी झाल्याचं कधीच नाही. "चुकलं तरी माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही," हे मला कौतुकाने सांगायचे. मी मशीनवर कोणाच्या तरी झग्याची शिलाई उसवत बसलेली असायचे, मान हलवायचे.

ह्यांच्या लोकांत एक रीत होती. कोणी आजारी पडून घरी बसला, की "बरा आहेस ना" असं कोणी विचारायचं नाही. विचारायचे, "घड्याळ चालू आहे ना?" ह्या घड्याळांत सेल नसतो. आत एक अर्धी चकती असते. मनगट हललं की ती गरगरते आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. माणूस हिंडताफिरता असला की घड्याळ चालतं, अंथरुणाला खिळला की दुसऱ्या दिवसापर्यंत बंद पडतं. त्यामुळे "चालू आहे" म्हटलं की त्यात सगळं आलं. नवं घड्याळही त्याच जातीचं होतं, म्हणून असेल, हळूहळू ह्यांच्या हातावर रुळलं. नावं ठेवायचं काही थांबलं नाही, पण आंघोळीलाही काढेनात.

आणि मग एका सकाळी चहाचा कप ह्यांच्या डाव्या हातातून सुटला. हे खाली सांडलेल्या चहाकडे बघत राहिले, आणि "उचल" म्हणायला गेले तर तोंडातून भलतंच काहीतरी आलं.

दवाखान्यात आधी जीभ परत आली, थोडी जड, पण आली. मग पाय आला, काठीच्या आधाराने. हात काही आला नाही. गळ्यात झोळी, झोळीत हात, हातावर घड्याळ. मी म्हटलं, उजव्या हातात घाला, तर नाही. उजव्या हाताला काम असतं म्हणे! पडून पडून कसलं काम करत होते देव जाणे.

तिथे ढोल्या भाऊजी भेटायला आले. भाऊजी म्हणजे ह्यांची दोरी धरणारा माणूस. हे खाली असले की भाऊजी वर बोटीत बसून ह्यांच्या कमरेची दोरी हातात धरायचे, अशी त्यांची उभी हयात गेली. पोट पुढे आणि काळीज लोण्याचं. फळांची पिशवी धरून खाटेपाशी अवघडून उभे राहिले. सवयीने बोलून गेले, "काय मग, घड्याळ चालू आहे ना?"

ह्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. काटे कधीचे थांबले होते.

"बंद," हे म्हणाले. "हात गेला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला ती फळांची पिशवी त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली, पण बिचाऱ्याचा काय दोष?

घरी आणलं, पण हे भिंतीकडेच. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती एकेक बोट दुमडायची, उघडायची, हातात रबरी चेंडू द्यायची. "काका, तुम्हीपण जोर लावा ना." ह्यांचं आपलं एकच, "मेलेल्याला कशाला कवायत?" जाताना दारात ती मला हळूच म्हणाली, "काकू, हात यायचा असला तर ह्या पहिल्या महिन्यांतच येतो. त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. मी एकटीने किती ढकलणार?" मी आत येऊन ह्यांच्यावर ओरडले, मग पाया पडले, मग पुन्हा ओरडले. ढिम्म.

त्या दिवसांत माझ्याकडे एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम होतं. ताग्यावर तागे, निळसर हिरवे, झुळझुळीत. शिवून झालेले पडदे चुरगळू नयेत म्हणून मी खोलीत दोऱ्या बांधून त्यांवर सोडले होते. खोली एकच, त्यातच मशीन आणि त्यातच ह्यांची खाट. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ते पडद्यांतून गाळून यायचं आणि सगळं हिरवं होऊन जायचं. छत हिरवं, भिंती हिरव्या, ह्यांचं कपाळ हिरवं. पंखा लावला की पडदे सावकाश हलायचे आणि त्यांच्याबरोबर उजेडही हलायचा. गोळ्यांनी ह्यांना दुपारी गाढ झोप लागायची. अशाच एका दुपारी मी खाटेपाशी बसले, ह्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडवला आणि घड्याळ मुठीत धरून हलवलं. आत काहीतरी गरगरलं. सेकंदकाटा दचकल्यासारखा निघाला.

मग मी ते माझ्याच हातात घातलं आणि शिवायला बसले.

पट्टा मला ढगळ. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत वरखाली व्हायचं. कापड पुढे सरकवताना आत ती चकती फिरलेली मला हाडाला जाणवायची. पाय मशीनवर, डोळे शिवणीवर, आणि मन कुठल्या कुठे. एकदा वाटलं, खोलीत पाणी आहे आणि मी त्याच्या तळाशी बसले आहे, पण त्याचं काही विशेष नाही, सगळेच इथे बसतात. खालच्या रस्त्यावरून कोणी हाका मारत गेलं तर ती हाक लांबून, वरून आल्यासारखी वाटायची. दोरा रिळावरून सुटत राहायचा. पडदा माझ्या खांद्याला लागून परत जायचा. पोहायचं सोडा, गुडघ्याच्या वर कधी मी पाण्यात गेले नव्हते, आणि मला त्या हिरव्या दुपारी पाण्यातच राहावंसं वाटायचं. हे झोपेत काहीतरी पुटपुटायचे. मीही उत्तर द्यायचे. काय बोलायचो आम्ही, ते दोघांनाही नंतर आठवायचं नाही.

उन्हं कलली की घड्याळ काढायचं. माझ्या हाताने ते ऊबदार झालेलं असायचं, म्हणून जरा फरशीवर ठेवून गार करायचं, आणि मग ह्यांच्या हातावर बांधायचं. चोर बरे, इतकी काळजी मी घेत होते.

पहिल्या संध्याकाळी हे उठले आणि सवयीने हात उचलून पाहिला. मग घड्याळ कानाशी नेलं.

"अगं," म्हणाले, "हे चालू आहे."

"मग? चालणारच. झोपेत हात हलवत होतात की चांगला."

"मी?"

"नाही तर काय मी?"

बिनदिक्कत थाप मारली. देवाने तोंड दिलंय ते अशाच वेळेसाठी. ह्यांनी चेंडू मागून घेतला. दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या मुलीला विचारून विचारून भंडावून सोडलं. ती दारात माझा हात धरून म्हणाली, "काकू, काय जादू केलीत?" मी म्हटलं, "पडदे शिवते बाई, जादू कसली." आठवड्यामागून आठवडे गेले. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला थोडी जाग आली, कापायची ती नुसती. बाकी हात होता तसाच. पण ह्यांना बोटांकडे बघायचंच नव्हतं, हे घड्याळाकडे बघायचे. आणि मी रोज दुपारी खाली बुडी मारायचे आणि संध्याकाळी वर यायचे, मला तर वाटायला लागलं होतं की असंच चालू राहील.

मग भाऊजी पुन्हा आले. ह्या वेळी दारातूनच, घाबरत घाबरत, "घड्याळ…?"

"बघ!" ह्यांनी हात नाचवला, म्हणजे उजव्याने डावा नाचवला. भाऊजींनी ह्यांना मिठी मारली आणि दोघं म्हातारे रडले. मी स्वयंपाकघरात भांड्यांचा उगीच आवाज केला.

बाहेर आले तोवर बेत ठरलेला होता. धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून खाली उतरायचं. फार नाही, कमरेपर्यंत पाण्यात जायचं आणि वर यायचं. ह्यांना एकदा पाण्यात पाय बुडवायचा होता, बस्स.

"शिडीला दोन हात लागतात," मी म्हटलं.

"आहेत की दोन."

"डॉक्टरांना तरी विचारा."

"डॉक्टर काय सांगणार? घड्याळ सांगतंय ना."

आणि भाऊजी मान डोलावतात! डॉक्टरचे कागद, एवढाले फोटो, सगळं राहिलं बाजूला. ह्या लोकांना मनगटावरची टिकटिक कळते, बाकी काही कळत नाही. मी म्हटलं पाणी गार असेल. म्हटलं शेवाळ आहे. म्हटलं तुमचं वय काय, अवतार काय. खरं तेवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चेंडू पुन्हा खाटेखाली गेला असता आणि तोंड भिंतीकडे. सांगावं तर हात जाणार, न सांगावं तर माणूस. माझी पार सुपारी झाली होती अडकित्त्यातली.

गेलो सकाळी तिघं. म्हटलं धक्क्यावर पोचल्यावर शिडी बघूनच माघार घेतील. कसली माघार! ओहोटी होती. शिडी खालपर्यंत उघडी पडलेली, बुळबुळीत, बाजूला दगड. दोरी बांधा म्हटलं तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, कमरेपर्यंत जायला कसली दोरी?" हे पाठमोरे होऊन शिडीवर गेले. दोन पायऱ्या उतरले. छाती शिडीला टेकवून उजव्या हाताने डावा हात झोळीतून काढला, लोखंडी गजावर ठेवला आणि एकेक बोट त्याच्याभोवती दुमडून बसवलं, लहान मुलाला पेन्सिल धरायला शिकवतात तसं. मग उजव्या हाताने वरचा गज धरून घड्याळाकडे पाहिलं, आणि वर माझ्याकडे बघून हसले. असे हसले की मला वाटलं आत्ताच इथे सगळं थांबावं.

आणि पुढची पायरी धरायला उजवा हात सैल केला.

"सोडू नका!" मी ओरडले. "अहो, सोडू नका! घड्याळ मी चालवते! दुपारी तुम्ही झोपता तेव्हा ते माझ्या हातात असतं!"

ह्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं एकेक करून आपोआप उलगडत होती. हात गजावरून घसरला आणि लोंबकळला. उजव्याची पकड होती म्हणून हे राहिले. भाऊजींनी आडवं पडून ह्यांची कॉलर धरली, मी दंड धरला, आणि ओढूनताणून एकदाचं वर घेतलं. तिघंही धक्क्यावर बसलो, धापा टाकत. बोटी येत होत्या, जात होत्या. कोणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं.

हे म्हणाले, "कडं उलट्या बाजूला फिरवलंस तू. धोका होता त्याहून कमी दाखवलास."

"फिरवलं," मी म्हटलं. "वेळ आली तर पुन्हा फिरवीन." माझी जीभ शाबूत होती.

त्यानंतर आमच्यात बोलणं बंद. भांडण असतं तर बरं, भांडणात मी कोणाला हार जात नाही. हे नुसते गप्प. चेंडू खाटेखाली धूळ खात पडला. घड्याळ हातावर होतं, ते थांबलं. मी हात लावला नाही. पडदे शिवून झाले, हॉटेलचा माणूस येऊन घेऊन गेला आणि खोली एकदम पांढरी, उघडी, लहान झाली. भिंतीवरचे डाग दिसायला लागले. त्या खोलीत दुपारी मशीनवर बसले की मला कसंतरी व्हायचं. हात तर गेलाच, आणि माणूस वाचवून मी माणूसही घालवला, असं वाटायचं. लेकीचा फोन आला की "सगळं ठीक" म्हणायचे.

एका दुपारी मी पांढऱ्या चादरींना दुमड घालत होते. हे झोपले असतील असं समजून वळून पाहिलं, तर हे उशीला टेकून बसलेले.

"कसं चालवायचीस?" म्हणाले.

"काय?"

"घड्याळ. दाखव."

ह्यांनी दातांनी आणि उजव्या हाताने पट्टा सोडवला आणि घड्याळ पुढे केलं. मी घेतलं. हातात घातलं. आता चोरून नव्हतं, म्हणून उलट जास्तच लाज वाटली. मशीनवर बसले आणि चादर पुढे घेतली.

हे बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला शिवताना असं निरखून कधी पाहिलंच नव्हतं. मी शिवायचे त्या वेळी नोकरीभर हे खाली असायचे, आणि आजारात तोंड भिंतीकडे. आता बघायला लागले ते एकटक. मधेच काठीने खाटेखालचा चेंडू ओढून घेतला, डाव्या तळव्यात ठेवला आणि वरून उजव्याने दाबत बसले. घड्याळाकडे बघत नव्हते आणि हाताकडेही नाही. एक चादर झाली, दुसरी झाली. ऊन भिंतीवरून सरकून पलीकडे गेलं. बाहेर कोणीतरी फाटक लावलं. मला पुन्हा ते तळाशी बसल्यासारखं वाटायला लागलं होतं, पडदे नव्हते तरीही.

"तू श्वास धरतेस," हे म्हणाले.

"काहीतरीच काय!"

"मघापासून बघतोय. दोरा ओवताना धरतेस. कोपरा वळवताना धरतेस. मी जरा खोकलो तर धरतेस. मी जरा हललो की मशीन थांबतं तुझं, आणि मी पुन्हा नीट बसेपर्यंत तू तशीच बसून राहतेस." जड जिभेने हे एकेक शब्द नीट लावून बोलत होते. "खाली उतरणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. काही झालं तरी श्वास धरायचा नाही. धरून वर आलं की छाती फुटते."

मला चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं होतं. म्हणायचं होतं, की तुम्ही एवढी वर्षं खाली, आणि मी इथे तुमच्या पावलांची वाट बघत, मग धरणार नाही तर काय करणार? तोंड उघडलं तर शब्दच नाहीत, नुसतीच हवा. आणि तिच्यामागून रडू आलं, इतके महिने न आलेलं.

"हां," हे म्हणाले. "सोड. सावकाश ये. मी वर आहे."

मी चादरीत तोंड खुपसून रडत राहिले, आणि हे खाटेवरून नुसतं "अजून, अजून" म्हणत राहिले.